जुना लॅपटॉप, हातात पाच हजार: सुरुवात कुठून करायची?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भाचीला सांगलीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि ताईने शाळेच्या कामाचा तिचा लॅपटॉप भाचीला देऊन टाकला. २०१५ सालचा, आय-थ्री ५००५यू प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पान दिसेपर्यंत मी मोबाईलवर वेळ लावून बघितली: चार मिनिटं दहा सेकंद. भाची म्हणाली, "मामा, ह्याचं काही होईल का रे, की नवीनच बघायचा?" फी, हॉस्टेल आणि मेसचं डिपॉझिट भरून घरात पाच हजार उरले होते. तेवढ्यात नवीन काही येत नाही. पण त्या पाच हजारांत तो लॅपटॉप नीट कामाला लागला, आणि ती आजही त्याच्यावरच प्रोग्रॅमिंगचे प्रॅक्टिकल करते.

अशाच अडचणीतल्या घरांसाठी हे लिहितोय. स्क्रू ड्रायव्हर कधी हातात धरला नसेल तरी चालेल. फक्त क्रम सोडू नका. पैसे मोजके असले की आधी काय घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं, यावरच सगळं ठरतं. "रॅम वाढवा, फॉरमॅट मारा" हे दोन उपाय सरसकट सांगितले जातात. लोक हजारभर रुपये घालवतात आणि महिन्याभरात लॅपटॉप पुन्हा पहिल्यासारखा रांगायला लागतो. दुखणं न बघता औषध दिलं की असंच होणार.

पहिली पायरी: एक रुपयाही न खर्चता निदान

लॅपटॉप सुरू करा आणि पाच मिनिटं हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात आणि प्रत्येकावर टक्के असतात. आता नेहमीचं काम करा: ब्राउझर, दोन-तीन टॅब, एखादी वर्डची फाइल. आणि नजर त्या टक्क्यांवर ठेवा.

डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसली आणि सीपीयू वीस-पंचवीसवर रेंगाळत असेल, तर दुखणं डिस्कचं. मेमरी पंच्याऐंशीच्या वर आणि टॅब बदलताना अडखळत असेल, तर रॅम कमी पडतेय. काही जड चालू नसताना सीपीयूच सतत शंभरला असेल आणि फॅन घोंघावत असेल, तर आत धूळ आहे किंवा एखादा नको असलेला प्रोग्रॅम सारखा धावतोय. ताईच्या लॅपटॉपवर डिस्क शंभर टक्के होती आणि प्रत्यक्षात माहिती येत होती सेकंदाला जेमतेम एक एमबी.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा खर्च यावर बेतलेला आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५,४०० फेऱ्या. म्हणजे एका फेरीला साधारण अकरा मिलिसेकंद. वाचणारी सुई आधी योग्य जागी सरकणार, मग तबकडी फिरून हवा तो भाग सुईखाली येणार, तेव्हा एक तुकडा हाती लागणार. सेकंदाला असे शंभर तुकडेसुद्धा धड मिळत नाहीत, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली मागतं. किराणा दुकानातला पोरगा प्रत्येक वस्तूसाठी माळ्यावर चढून उतरत असेल तर गिऱ्हाइकांची रांग लागणारच. मालकाचा हिशेब कितीही चटपटीत असो. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी नव्या प्रकारची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तोच तुकडा तिथे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर मिळतो.

निदानातच आणखी तीन गोष्टी बघून घ्या.

एक, रॅमचे स्लॉट. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जाऊन मेमरीवर क्लिक केलं की खाली "स्लॉट्स यूज्ड" असं लिहिलेलं दिसतं. दोनपैकी एक भरलेला असेल तर नशीब चांगलं.

दोन, विंडोज ६४ बिट आहे का. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट. ३२ बिट असेल तर त्याला चार जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही. जुन्या लॅपटॉपवर कुणीतरी ३२ बिट टाकून दिलेलं असतं आणि मालक बिचारा आठ जीबी घालून वाट बघत बसतो.

तीन, डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते उघडताच डिस्कचा शेरा दाखवतं. निळा "गुड" असेल तर ठीक. पिवळा "कॉशन" दिसला तर पुढचं वाचणं थांबवा आणि आज, आत्ता, फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून घ्या. गुड दिसलं तरी उघडण्याआधी बॅकअप घ्यायचाच आहे. ताईच्या लॅपटॉपवर दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि आईच्या पंचाहत्तरीचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. आमचा पहिला पूर्ण दिवस त्या कॉपी करण्यात गेला, आणि तो दिवस मी पुन्हा तसाच घालवेन.

थांबायचं कधी

काही लॅपटॉपवर खर्च करू नका, हे आधीच सांगतो. तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टिपून घ्या आणि त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून सर्व्हिस मॅन्युअल उतरवा. डेल, एचपी, लेनोवो हे तिघेही ती मोफत देतात. झाकण कसं काढायचं, स्क्रू किती, रॅम कोणती, सगळं चित्रांसकट असतं.

मॅन्युअलमध्ये "ईएमएमसी" असं लिहिलेलं दिसलं, तर साठवण मदरबोर्डलाच चिकटवलेली आहे. ३२ जीबीवाले स्वस्त सेलेरॉन लॅपटॉप याच जातीचे. त्यात बदलण्यासारखं फार काही नसतं. रॅम "सोल्डर्ड" (बोर्डलाच कायमची जोडलेली) असेल आणि रिकामा स्लॉट नसेल तर रॅम विसरा. डिस्क मात्र बदलता येत असेल तर ती जरूर बदला. डीडीआर२ रॅमचा लॅपटॉप, म्हणजे साधारण २००९-१० च्या आधीचा, असेल तर तिथे पैसे अडकवू नका. आणि बिजागरी तुटून स्क्रीनजवळची बॉडी फाटलेली असेल तर दुरुस्तीतच बजेट संपतं. असे पैसे साठवून ठेवलेले बरे. ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड लॅपटॉप बघता येतील.

ह्यातलं काही नसेल तर पुढे चला.

दुसरी पायरी: एसएसडी

पाच हजार असोत की दोन हजार, पहिले पैसे एसएसडीला. डिस्कचं दुखणं असलेल्या दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला ह्याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. रॅम नंतर आली तरी चालते.

जुन्या लॅपटॉपला लागतो तो अडीच इंची साटा एसएसडी. जुनी डिस्क असते तोच आकार, तोच जोड. जाडी बघा: नवीन एसएसडी सात मिलिमीटरचे असतात, काही जुन्या डिस्का साडेनऊच्या. चौकटीला स्क्रू लागले तर तेवढ्या फरकाने अडत नाही. सैल वाटलंच तर जाड पुठ्ठ्याची पट्टी पुरते. २०१६-१७ च्या पुढच्या लॅपटॉपमध्ये एम.टू नावाची बारीक पट्टीसारखी जागा असू शकते. तिथे एक फसगत आहे: एम.टू दिसायला सारखीच, पण आतून साटा असते किंवा एनव्हीएमई. एकीची पट्टी दुसरीत कधी बसते पण चालत नाही. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेच घ्या.

वेगाचे आकडे बघून जास्त पैसे मोजू नका. साटाची वाटच सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास संपते, त्यामुळे महागडा एसएसडी लावूनही जुन्या लॅपटॉपला त्याचा उपयोग नाही. साधा, नावाजलेल्या कंपनीचा, तीन वर्षं वॉरंटीचा घ्या. २५६ जीबी विद्यार्थ्याला पुरतो. १२० जीबीवर शे-दोनशे वाचवायला जाऊ नका, वर्षाच्या आत भरून जातो.

नकलीपासून मात्र जपा. "एक टीबी, नऊशे रुपये" अशी जाहिरात दिसली तर ती खोटीच समजा. अशा वस्तूत थोडीशी मेमरी असते आणि संगणकाला ती मोठी असल्याचं सांगितलेलं असतं. भरत गेलात की आधीच्या फाइली खराब होत जातात. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली अशा बाजारात जात असाल तर पक्कं बिल मागा. जीएसटीचे दोनशे-तीनशे वाचवायला कच्च्या बिलावर घेतलेला एसएसडी आठव्या महिन्यात बंद पडला की वॉरंटी कुणाकडे मागणार? आणि पेटी उघडल्या उघडल्या एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने सगळी जागा एकदा लिहून-वाचून तपासा. रात्रभर चालू ठेवलं की काम होतं.

तिसरी पायरी: रॅम, आणि माझे वाया गेलेले बाराशे

मी पूर्वी एका मित्राच्या लॅपटॉपसाठी बाजारातल्या एका दुकानातून आठ जीबीची जुनी रॅम घेतली. "डीडीआर३ आहे ना, मग लागणारच," असं दुकानदार म्हणाला. घरी आणून बसवली, खटकन बसली. बटण दाबलं. दिवा लागला, फॅन फिरला, पडदा काळाच. काढून पुन्हा बसवली, दुसऱ्या बाजूने पुसली, पुन्हा तेच. तासाभराने स्टिकर भिंगाखाली धरला तेव्हा कळलं. लॅपटॉपला हवी होती डीडीआर३एल, जी १.३५ व्होल्टवर चालते. मी आणली होती साधी डीडीआर३, १.५ व्होल्टची. दोन्हींची खाच एकाच ठिकाणी असते म्हणून बसते बरोबर, पण इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीचे (प्रोसेसरच्या नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी, ५००५यू म्हणजे पाचवी) बहुतेक लॅपटॉप तिच्यावर सुरूच होत नाहीत. दुकानदाराने परत घेतली नाही. मित्राला पैसे मी भरून दिले.

म्हणून स्टिकर वाचायला शिका. लॅपटॉपमधली आधीची रॅम काढा आणि तिच्यावरचा मजकूर मोबाईलने फोटो काढून दुकानात न्या. "पीसी३एल" मध्ये तीनच्या पुढे एल हे अक्षर आहे का ते बघा. पुढचा आकडा १२८०० असेल तर ती १६०० मेगाहर्ट्झची. "पीसी४" म्हणजे डीडीआर४. तिची खाचच वेगळ्या जागी असते, ती जबरदस्तीने बसवायला जाल तर स्लॉट मोडेल.

किती घ्यायची? आजच्या ब्राउझरला आठ जीबी असली की श्वास घेता येतो. दोन स्लॉट असतील आणि चार जीबी आधीच असेल तर आणखी चार पुरेत. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो आणि आतल्या ग्राफिक्सलाही थोडा फायदा होतो. ताईच्या लॅपटॉपला एकच स्लॉट होता. चारची काढून आठची घालावी लागली, आणि चारची पट्टी आता ड्रॉवरमध्ये आहे. सोळाच्या मागे लागू नका. त्या पैशात बॅटरी येते.

रॅम वापरलेली घेतली तरी चालते, कारण तिच्यात झिजणारं काही नाही. दुकानात समोर लावून दाखवायला सांगा आणि आठ-पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून घ्या. एसएसडी मात्र वापरलेला कधीच नको. त्याचं लिहिण्याचं आयुष्य ठरलेलं असतं आणि आधीच्या मालकाने त्यातलं बरंचसं संपवलेलं असू शकतं.

चौथी पायरी: उघडणं

इथे बहुतेकांचे हात थरथरतात. माझेही थरथरले होते. म्हणून जरा सावकाश सांगतो.

लागणारं सामान: छोटा स्टार स्क्रू ड्रायव्हर, बारीक टोकाचा, दुकानात "पीएच झीरो" म्हणून मागा, एक जुनं प्लास्टिकचं कार्ड, रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश, आणि मिसळणाचा डबा, रिकामा, पुसलेला. डब्याच्या सात वाट्या स्क्रूंसाठी. कडेचे लांब स्क्रू एका वाटीत, मधले आखूड दुसरीत, डिस्कच्या चौकटीचे तिसरीत. शेजारी कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक जागेवर वाटीचा नंबर लिहा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वर कीबोर्डच्या बाजूने फुगवटा काढतो, कधी आरपारही जातो.

जागा निवडताना नायलॉनची सतरंजी आणि सिंथेटिक कपडे टाळा. लाकडी टेबलावर सुती चादर ठीक. कोरड्या हिवाळ्यात, विदर्भ-मराठवाड्यात तर नक्कीच, अंगावरची स्थिर वीज रॅमला मारू शकते. दर थोड्या वेळाने नळाच्या किंवा खिडकीच्या लोखंडाला हात लावून मग आतल्या भागांना हात लावा.

चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. आतली असेल तर तळ उघडल्यावर सगळ्यात आधी तिची जोडणी सोडवा. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट संपतो. बॅटरी फुगलेली दिसली तर टोचू नका, दाबू नका. काम तिथेच थांबवून ती जाणकाराकडून काढून घ्या.

काही लॅपटॉपना तळाला छोटी दारं असतात. दोन स्क्रू काढले की रॅम आणि डिस्क समोर. आमच्याला नव्हती. डीव्हीडी ड्राइव्ह एका स्क्रूवर बाहेर आली, तळाचे सगळे स्क्रू निघाले, तरी झाकण एका कोपऱ्यात धरून बसलं होतं. अशा वेळी जोर लावू नका. कुठेतरी एक स्क्रू राहिलेला असतो. मॅन्युअल बघितलं, तर दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली. ते काढल्यावर कार्डाची कड फटीत सरकवत गेलो आणि झाकण टक-टक करत सुटलं.

आतली पहिली गोष्ट दिसली ती फॅनची जाळी. फॅन आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे करड्या धुळीचा अख्खा थर बसला होता, गोधडीच्या अस्तरासारखा, आणि त्यात पांढरी भुकटी. खडूची. दहा वर्षांच्या वर्गाची. चिमट्याने धरल्यावर तो थर एका तुकड्यात निघाला. ब्रश फिरवताना फॅनची पाती टूथपिकने अडवून धरा. मोकळी भिरभिरली तर बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका.

डिस्क चौकटीसकट बाजूला सरकवा, म्हणजे जोडातून सुटते. चौकटीचे चार स्क्रू काढून एसएसडी त्याच दिशेने बसवा, स्टिकरची बाजू जशी होती तशी. परत सरकवताना दोन्ही अंगठ्यांनी समान दाब द्या. जोड पूर्ण आत गेला की आपोआप थांबतो. रॅमसाठी दोन्ही बाजूंचे चाप बाहेर ढकला, पट्टी तिरपी वर उठते, ती ओढून घ्या. नवी तशीच तिरपी घाला, सोनेरी दात अगदी आत जाईपर्यंत, आणि मग खाली दाबा. दोन्ही चाप "टिक" म्हणाले पाहिजेत. पहिल्या वेळी लॅपटॉप सुरू झाला नाही तर दहापैकी नऊदा पट्टी अर्धवट बसलेली असते.

वाटेत चपट्या, कागदासारख्या रिबन केबल दिसतील. त्यांच्या टोकाला केसाएवढी बारीक काळी किंवा पांढरी पट्टी असते, ती नखाने उभी करायची आणि मग रिबन अलगद काढायची. आधी रिबन ओढलीत तर जोड मोडतो, आणि तो बदलणं घरचं काम नाही.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्यावरचा तांब्याचा भाग (हीटसिंक) यांच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप, पहिल्याच वेळी बदलायची की नाही? धूळ काढूनही लॅपटॉप तापत असेल तरच. हीटसिंकच्या स्क्रूंवर एक-दोन-तीन असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रमाने, आवळताना सुलट, प्रत्येक थोडा-थोडा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी साबुदाण्याच्या दाण्याएवढी. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही.

झाकण पूर्ण लावायच्या आधी बॅटरी परत जोडून एकदा सुरू करून बघा. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणारी लॅपटॉपची स्वतःची सेटिंग्ज) नवी रॅम आणि एसएसडी दोन्ही दिसले की मगच स्क्रू आवळा.

पाचवी पायरी: आत काय टाकायचं

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवता येते, क्लोनझिला हे मोफत साधन ते करतं. पण मी नव्याने टाकायला सांगेन. दहा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा?

इथे एक मोठा निर्णय आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून देण्याची योजना आणली, त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) असेल तरच चालतं. पाचव्या पिढीचा लॅपटॉप त्यात बसत नाही. आडवाटेने टाकता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्याच्यावर अभ्यास अवलंबून आहे त्या लॅपटॉपवर मी ते केलं नसतं.

भाचीसाठी लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, एक्सएफसीई आवृत्ती, जी जुन्या यंत्रांवर हलकी चालते. मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, म्हणजे तिची पदवी जवळजवळ पूर्ण होईपर्यंत. सी, पायथन, लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), ब्राउझर, सगळं मोफत. मराठी टायपिंगसाठी सेटिंग्जमधून मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला की झालं.

पण डोळे झाकून लिनक्सवर जाऊ नका. घरात कुणी श्री-लिपीमध्ये डीटीपी करत असेल, टॅलीवर हिशेब ठेवत असेल, किंवा कॉलेजात ऑटोकॅड सक्तीचं असेल, तर विंडोजच ठेवावं लागेल. ताईच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होत्या. मिंटवर उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या सगळ्या आधी पीडीएफ करून ठेवाव्या लागल्या. हे काम जुनी डिस्क काढायच्या आधीच उरका.

विंडोज १० पुन्हा टाकायचं असेल तर किल्ली शोधत बसू नका. आधी चालू असलेला परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती टाकून इंटरनेटला जोडलं की तो आपोआप सुरू होतो. एसएसडी बदलल्याने जात नाही. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

कृती दोन्हींची सारखीच. दुसऱ्या कुठल्याही विंडोज संगणकावर मिंटची किंवा विंडोजची आयएसओ फाइल उतरवा आणि तिच्यापासून आठ जीबीचा पेनड्राइव्ह रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने तयार करा. तो लावून लॅपटॉप सुरू करताना डेल किंवा लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ हे बटण टपटप दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का. हे तर एसएसडी घ्यायच्याही आधी करून बघा, त्याला काही खर्च नाही.

उरलेले पैसे

आमचा हिशेब असा झाला. एसएसडी साडेसतराशे, जुनी रॅम हजार, जुन्या डिस्कसाठी केसिंग (डिस्क यूएसबीने बाहेरून जोडायची डबी) तीनशे, पेस्ट आणि अल्कोहोल दीडशे. उरलेल्यातून सोळाशेची बॅटरी. एकूण चार हजार आठशे. हे ऑगस्ट २०२५ चे भाव आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीपासून मेमरी चिप्सचे भाव जगभर चढले, तेव्हा आज विचारून मगच बजेट ठरवा. फार चढलेले दिसले तर रॅम मागे ठेवा, एसएसडी नाही.

बॅटरी शेवटी घेतली, कारण ती लॅपटॉप वेगवान करत नाही. पण हॉस्टेलला दोन तास वीज गेली तर असाइनमेंट बुडू नये म्हणून घेतलीच. खरंच गरज आहे का ते विंडोज असताना तपासून घ्या: कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी", मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि "बॅटरीरिपोर्ट", हे सगळं इंग्रजी अक्षरांत, असं लिहून एंटर दाबलं की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी असते. निम्म्याच्या खाली असेल तर बदला. बॅटरीवरचा भाग क्रमांक आणि व्होल्ट जुळवून घ्या, आणि बिनानावाची सगळ्यात स्वस्त घेऊ नका. लिथियमची वस्तू आहे, उशाशी चार्ज होते.

वायफाय रडत असेल तर आतलं कार्ड बदलण्याआधी छोटा यूएसबी डोंगल बघा. काही जुने लेनोवो आणि एचपी आपल्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरूच होत नाहीत. डीव्हीडीच्या जागी कॅडी (ड्राइव्हच्या मापाची चौकट) घालून दुसरी डिस्क बसवता येते. तिच्यातही ९.५ आणि १२.७ मिलिमीटर असे दोन प्रकार येतात, मोजून घ्या. भाचीला गरज नव्हती, आम्ही सोडून दिलं.

सगळं लागल्यावर मी पुन्हा मोबाईलवर वेळ लावली. बटण ते ब्राउझरमधलं पान: चौतीस सेकंद. भाचीने बंद करून स्वतः परत एकदा मोजलं.

पहिले आठ दिवस लॅपटॉपवर लक्ष ठेवा. मध्येच बंद पडत असेल किंवा फाइली उघडताना चुका येत असतील तर मेमटेस्ट नावाची चाचणी पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. रॅम खराब निघाली तर टेस्टिंग वॉरंटी संपायच्या आत दुकानात जायला हवं. जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नका, काहीतरी राहिलेलं हमखास आठवतं. आम्हाला विसाव्या दिवशी आठवलं: ताईचे पगाराचे फॉर्म सोळा. केसिंगमधून डिस्क लावली, फोल्डर सापडला, पाच मिनिटांत काम झालं. आता ती डिस्क ताईच्या कपाटात असते, आणि भाची सुट्टीला आली की तिच्या कामाची एक प्रत त्यात उतरते. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर, कारण डिस्क दहा वर्षांहून जुनी आहे.